विश्लेषण : डोळा बधिर करणाऱ्या थेंबाचा शोध कोणी लावला? डॉक्टर तो थेंब घरी का देत नाहीत?

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, अंबरनाथच्या कारखान्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवताना लोखंडाचा बारीक कण डोळ्यात जातो. डोळा उघडवत नाही, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात एक थेंब टाकतात आणि अर्ध्या मिनिटात सगळे शांत होते. कण निघतो, मलम किंवा प्रतिजैविकाचे थेंब लिहून दिले जातात. निघताना अनेक रुग्ण एकच मागणी करतात, तो पहिला थेंब घरी द्या. डॉक्टर ठाम नकार देतात. रुग्णाला वाटते, दुखणे कमी करणारे औषध हातात असून डॉक्टर उगाच अडवून धरतात. या नकारामागे सुमारे १४० वर्षांचा अनुभव आहे. त्याची सुरुवात व्हिएन्नातील एका तरुण डॉक्टरपासून होते. त्यांचे नाव कार्ल कोलर.

कार्ल कोलर कोण होते?

कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमियातील शुटेनहोफेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि सुशित्से या नावाने ओळखले जाते. कोलर लहान असतानाच आई गेली आणि कुटुंब व्हिएन्नाला आले. त्या काळात वैद्यकशास्त्र शिकायचे तर व्हिएन्नाला, असा युरोपात लौकिक होता. १८८२ मध्ये कोलर तेथील विद्यापीठातून डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच ते सॉलोमन स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या वाढीवर त्यांनी केलेले संशोधन तेव्हा नावाजले गेले होते. म्हणजे प्राण्यांवर नेमका प्रयोग कसा करायचा, याचे शिक्षण त्यांना डॉक्टर होण्याआधीच मिळाले होते.

पुढे त्यांची नेमणूक व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर म्हणून झाली. मात्र त्यांना नेत्रविभागात सहायकाची जागा हवी होती. अशा जागा मोजक्याच असत आणि उमेदवार पुष्कळ. काहीतरी भरीव संशोधन हाती असल्याशिवाय ती जागा मिळणे कठीण होते. ज्यू तरुणाला तर अधिकच. तेथील नामवंत नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड आर्ल्ट यांच्याकडून कोलर यांना एक गोष्ट कळली होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेतली सर्वांत मोठी अडचण म्हणजे फक्त डोळ्यापुरती भूल देणारे औषध नाही. कोलर यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

त्याआधी डोळ्याची शस्त्रक्रिया कशी होत असे?

ईथर आणि क्लोरोफॉर्म ही संपूर्ण बेशुद्ध करणारी औषधे १८४०च्या दशकातच आली होती. पोट, हात-पाय यांच्या शस्त्रक्रियांत त्यांनी क्रांती केली. डोळ्याच्या बाबतीत मात्र त्यांचा उपयोग अडचणीचा होता. शुद्धीवर येताना रुग्णाला मळमळ होई, उलट्या होत. मोतीबिंदू काढण्यासाठी बुबुळाच्या कडेने घेतलेला छेद त्या काळी बारीक टाक्यांनी शिवता येत नसे. उलटीच्या जोराने डोळ्यातील दाब वाढला, की छेद उघडून आतला भाग बाहेर येण्याची भीती असे. शिवाय चेहऱ्यावर क्लोरोफॉर्मचा मुखवटा आणि त्याच चेहऱ्यावर शस्त्रक्रिया, अशीही अडचण होती.

त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक रुग्ण जागा असतानाच शस्त्रक्रिया करत. मदतनीस रुग्णाचे डोके धरून ठेवत. रुग्णाने कितीही मन घट्ट केले तरी डोळ्याला काही टेकले, की पापणी मिटते आणि डोळा फिरतो. हे माणसाच्या हातात नसते. डॉक्टरकडे काही क्षणच असत आणि हात जरा हलला तर डोळा जाई. कोलर यांनी उत्तर शोधण्यासाठी मॉर्फीन, क्लोरल हायड्रेट, ब्रोमाइड अशी माहितीतली औषधे प्राण्यांच्या डोळ्यात टाकून पाहिली. कशाचाच उपयोग झाला नाही आणि त्यांनी तो नाद काही काळ सोडून दिला.

सिग्मंड फ्रॉइड यांचा संबंध कसा आला?

मनोविश्लेषणाचे जनक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड तेव्हा त्याच रुग्णालयात तरुण डॉक्टर होते आणि कोलर यांचे मित्र होते. फ्रॉइड यांना त्या वर्षी कोकेनने झपाटले होते. दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांतून कोकेन वेगळे करण्याचे काम जर्मनीतील अल्बर्ट नीमन यांनी १८६० मध्ये केले होते. त्याची चव घेतली की जीभ बधिर होते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले होते. पण या बधिरपणाचा शस्त्रक्रियेत उपयोग होईल, याकडे जवळपास पाव शतक कोणी फारसे लक्ष दिले नाही.

फ्रॉइड यांना थकवा, औदासीन्य आणि मॉर्फीनचे व्यसन यांवर कोकेन उपयोगी पडेल असे वाटत होते. जुलै १८८४ मध्ये त्यांनी कोकावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. कोकेन पोटात घेतल्यावर स्नायूंची ताकद वाढते का, हे मोजण्याच्या प्रयोगात त्यांनी कोलर यांनाही सामील करून घेतले होते. उन्हाळा संपता संपता फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला, मार्था बर्नेस यांना भेटायला हॅम्बुर्गजवळच्या गावी निघून गेले.

याच सुमारास एका सहकाऱ्याने सहज बोलता बोलता कोकेनने जीभ बधिर होत असल्याचे म्हटले. तसे ते त्या प्रयोगात भाग घेतलेल्या सगळ्यांनाच जाणवले होते. पण कोलर यांच्या डोक्यात डोळ्याचा प्रश्न आधीपासून घोळत होता, म्हणून त्यांनाच ते उमगले. जीभ बधिर होत असेल, तर डोळाही होईल.

बेडकाच्या डोळ्यावर काय घडले?

कोलर तडक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे सहायक असलेले गुस्टाव्ह गेर्टनर या प्रयोगाचे साक्षीदार होते. थोडे कोकेन पाण्यात विरघळवून त्यांनी एका बेडकाच्या एका डोळ्यात थेंब टाकला. साधारण मिनिटभरानंतर त्या डोळ्याच्या पारदर्शक पृष्ठभागाला सुईने स्पर्श केला, तरी बेडूक हलला नाही. दुसऱ्या, औषध न टाकलेल्या डोळ्याला नुसता स्पर्श होताच तो झटकन मागे सरला. मग ससा आणि कुत्रा यांच्यावर हाच प्रयोग झाला. निष्कर्ष तोच आला.

त्यानंतर दोघांनी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकून घेतले. आरसा समोर धरला आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला. काहीच जाणवले नाही. स्पर्श झाला की नाही, हे आरशात बघूनच कळत होते. शरीराच्या एका भागालाच बधिर करून, माणूस पूर्ण शुद्धीवर असताना शस्त्रक्रिया करता येईल, हे त्या दुपारी सिद्ध झाले. दाढ काढताना दिले जाणारे इंजेक्शन, टाके घालण्याआधीची भूल, सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात दिली जाणारी भूल, या सगळ्यांची वाट तेथून निघाली. कोलर तेव्हा २६ वर्षांचे होते.

बातमी जगभर कशी पोहोचली?

१५ सप्टेंबर १८८४ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलर यांच्याकडे प्रवासासाठी पैसे नव्हते. त्यांनी आपला निबंध त्रिएस्तचे नेत्रतज्ज्ञ योसेफ ब्रेटाउअर यांच्याकडे दिला आणि तो त्यांनी परिषदेत वाचून दाखवला. एका रुग्णावर प्रात्यक्षिकही झाले. जमलेल्या तज्ज्ञांना समोर काय घडते आहे, हे लगेच कळले. १७ ऑक्टोबरला कोलर यांनी स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यक सभेत आपले काम मांडले. परिषदेला हजर असलेले अमेरिकी नेत्रतज्ज्ञ हेन्री नॉइस यांनी पाठवलेला वृत्तांत तोवर न्यूयॉर्कच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापूनही आला होता. काही आठवड्यांत युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी कोकेनचे थेंब टाकून शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

हा काळ कल्याणकरांना चटकन डोळ्यांसमोर आणता येईल. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. १८८३ मध्ये त्या तेथे दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. म्हणजे त्यांच्या शिक्षणाच्या काळातच वैद्यकशास्त्राला स्थानिक भूल मिळाली.

फ्रॉइड परत आले तेव्हा मित्राचे नाव सर्वत्र गाजत होते. आपल्या हातातली संधी हुकली, ही सल त्यांच्या मनात बराच काळ राहिली. तरीही या शोधाचे श्रेय कोलर यांचेच, असे त्यांनी मान्य केले आणि मित्राला कोका कोलर असे गमतीचे नाव दिले. पुढच्या वर्षी, १८८५ मध्ये, फ्रॉइड यांच्या वडिलांना काचबिंदू झाला. लिओपोल्ड क्योनिगश्टाइन यांनी शस्त्रक्रिया केली आणि डोळा बधिर करण्याचे काम कोलर यांनी केले. कोकेनच्या गोष्टीतले तिघेही त्या दिवशी एका खोलीत होते.

मग कोलर यांना व्हिएन्ना का सोडावे लागले?

इतका मोठा शोध लावल्यावर नेत्रविभागातील जागा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. जानेवारी १८८५ मध्ये रुग्णालयात एक प्रसंग घडला. बोटाला दुखापत झालेला एक रुग्ण आला होता. बोटाभोवती आवळलेले बंधन तातडीने सैल केले नाही तर बोट सडेल, असे कोलर यांचे मत होते आणि त्यांनी ते सैल केले. रुग्ण आपल्या विभागाकडे जायला हवा, या मुद्द्यावर झिनर नावाच्या शल्यचिकित्सकाशी त्यांचा वाद झाला. झिनर यांनी सर्वांदेखत कोलर यांच्या ज्यू असण्यावरून शिवी दिली. कोलर यांनी तिथेच त्यांच्या थोबाडीत मारली.

दोघेही सैन्याच्या राखीव दलातले अधिकारी असल्याने प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेले. त्यात झिनर डोक्याला आणि दंडाला जखमी झाले. कोलर यांना खरचटलेही नाही. ज्यू डॉक्टरांत त्यांचे कौतुक झाले. पण द्वंद्व कायद्याने गुन्हा होता आणि व्हिएन्नाच्या वैद्यकीय वर्तुळात कोलर यांच्यासाठी दारे बंद झाली. त्या वर्षीच त्यांनी शहर सोडले. ते हॉलंडमधील उत्रेख्त येथे डोंडर्स आणि स्नेलेन यांच्या नेत्रसंस्थेत दाखल झाले. चष्म्याचा नंबर काढताना आपण भिंतीवरचा जो अक्षरांचा तक्ता वाचतो, तो याच स्नेलेन यांचा. दोन वर्षे तेथे राहून, काही काळ लंडनमध्ये काढून १८८८ मध्ये कोलर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कायमचे तिथलेच झाले.

कोकेनने बुबुळ धुरकट का होत असे?

कोलर यांचा शोध जगभर वापरला जाऊ लागला, तसे त्याचे दोषही दिसू लागले. कोकेनचे व्यसन लागते, हे पहिल्या काही वर्षांतच डॉक्टरांना स्वतःच्या शरीरावर कळले. कोकेनचे इंजेक्शन देऊन मज्जातंतू बधिर करण्याचे तंत्र विकसित करणारे न्यूयॉर्कचे नामवंत शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड स्वतः त्याच्या आहारी गेले. मॉर्फीन सुटावे म्हणून फ्रॉइड यांनी ज्या मित्राला कोकेन दिले, ते फ्लाइश्ल यांचीही तीच गत झाली.

नेत्रतज्ज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. कोकेन टाकलेला डोळा थोडा वेळ उघडा राहिला, की बुबुळाची चमक जाई. पृष्ठभाग कोरडा, खरबरीत आणि धुरकट दिसे. कधी वरचा थर सुटून येई, त्यावर जखम होई. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरला आतले नीट दिसेनासे होई.

हे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसे काळ्या बुबुळावर पारदर्शक झाकण असते. त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर आरपार दिसले नसते. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून, म्हणजे हवेतून मिळतो.

पारपटलाचा बहुतांश भाग बारीक तंतूंच्या एकावर एक रचलेल्या थरांचा असतो. हे तंतू ठरावीक अंतरावर नीट मांडलेले असतात, म्हणून प्रकाश सरळ आत जातो. तंतूंमध्ये जास्तीचे पाणी शिरले की मांडणी विसकटते, पारपटल फुगते आणि दुधी काचेसारखे धूसर होते. पाणी आत येऊ नये म्हणून दोन पहारेकरी असतात. बाहेरच्या बाजूला पाच-सहा पेशींचा एक थर असतो. आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो आणि तो पंपासारखे काम करून पाणी सतत बाहेर टाकतो.

तिसरा पहारेकरी म्हणजे वेदना. पारपटलात मज्जातंतूंचे जाळे इतके दाट असते, की शरीराच्या पृष्ठभागावर त्याइतका संवेदनशील भाग दुसरा नाही. धुळीचा कण टेकला तरी पापणी मिटते, पाणी येते, कण वाहून जातो. हेच तंतू पेशींना निरोगी ठेवणारी द्रव्येही पुरवतात.

स्थानिक भुलीचे औषध मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग बंद करते. त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जात नाही. पण त्याबरोबर पापणी लवणे कमी होते, अश्रूंचा थर तुटतो आणि डोळा सुकतो. दुसरे म्हणजे औषध बाहेरच्या थरातील पेशींनाच इजा करते. पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते आणि पाणी आत झिरपू लागते. कोकेनमध्ये हा दोष विशेष तीव्र होता.

नवी औषधे आली, मग धोका संपला का?

कोलर न्यूयॉर्कमध्ये माउंट सिनाई रुग्णालयाशी जोडले गेले आणि नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांचा जम बसला. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या औषधाची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले. ते नोव्होकेन या नावाने दंतवैद्यांकडे घरोघरी माहीत झाले. त्याचे व्यसन लागत नव्हते. पण डोळ्याच्या पृष्ठभागातून ते नीट आत शिरत नसे. पुढे टेट्राकेन आणि १९५०च्या दशकात प्रोपॅराकेन आले. आज आपल्याकडील दवाखान्यात कण काढताना किंवा डोळ्यातील दाब मोजताना बहुधा प्रोपॅराकेनच वापरतात. त्याचा परिणाम अर्ध्या मिनिटात सुरू होतो आणि साधारण १५ ते २० मिनिटे टिकतो.

ही औषधे कोकेनपेक्षा कितीतरी सौम्य आहेत. डॉक्टरांनी एक-दोन थेंब टाकले तर निरोगी डोळ्याला अपाय होत नाही. पण मूळ स्वभाव तोच राहिला. पारपटलावर ओरखडा पडला, तर कडेच्या पेशी सरकत येऊन ती जागा झाकतात. साधा ओरखडा असा एक ते तीन दिवसांत भरून येतो. बधिर करणारे औषध वारंवार पडत राहिले तर पेशींचे हे सरकणे आणि नव्या पेशी तयार होणे मंदावते. १९४४ मध्ये अमेरिकेत या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि नंतरच्या प्रयोगांनीही तेच दाखवले. २१ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल कोलर यांचे निधन झाले, तेही याच वर्षी.

थेंब घरी नेल्यास नेमके काय होते?

पहिल्या थेंबाने बरे वाटते. वीस मिनिटांनी औषध उतरते आणि दुखणे परत येते. रुग्ण पुन्हा थेंब टाकतो. जखम भरायला लागणारी पेशींची हालचाल थांबते, त्यामुळे दुखणे कालच्यापेक्षा वाढते. मग थेंबही वाढतात. बाटलीतील टिकाऊपणासाठी घातलेले रसायनही पेशींना त्रास देते. काही दिवसांत वरचा थर भरून येईनासा होतो. खालच्या थरात पांढरट गोल कडे दिसू लागते. ते काही जंतुसंसर्गांसारखेच दिसते, त्यामुळे निदान चुकू शकते. रुग्णाने थेंबांची गोष्ट लपवली तर अधिकच.

यात खरोखरचा संसर्ग मिसळला, तर दुखणे हा इशाराच बंद असल्याने तो उशिरा कळतो. पारपटल पातळ होऊन त्याला भोक पडण्याची वेळही येऊ शकते. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात, ते हेच. डाग बरोबर मध्यभागी असेल तर चष्म्याने दिसत नाही आणि मरणोत्तर नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

अगदी साध्या ओरखड्यासाठी मोजके थेंब पहिल्या २४ तासांपुरते देता येतील का, यावर काही देशांतील तातडीच्या उपचारांचे डॉक्टर विचार करत आहेत. पण तोही निर्णय डोळा तपासून, जखम साधी असल्याची खात्री करून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. कण आत रुतलेला असेल, संसर्ग असेल किंवा रसायन उडाले असेल, तर तो प्रश्नच येत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हे औषध कसे वापरतात?

आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अनेकदा फक्त थेंब टाकून होते. रुग्ण डॉक्टरांशी बोलत असतो आणि थोड्या वेळाने घरी जातो. कोलर यांनी पाहिलेले स्वप्न ते हेच. गरज पडल्यास डोळ्याच्या आतही थोडे बधिर करणारे औषध सोडतात. तिथे नियम अधिक कडक असतो. पारपटलाच्या आतल्या बाजूचा, पंपासारखे काम करणारा थर माणसात पुन्हा तयार होत नाही. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ३,००० पेशी असतात आणि वयानुसार त्या घटतात. म्हणून आत सोडायचे औषध विरळ केलेले लिडोकेन असते आणि त्यात टिकाऊपणाचे रसायन नसते. बाहेर टाकायच्या बाटलीतील औषध आत गेले तर या पेशी मरतात, पाणी साचते आणि पारपटल धूसर होते. एकच गुण असलेली दोन औषधे, पण एक बाहेरचे आणि एक आतले, हा फरक शस्त्रक्रियागृहात काटेकोरपणे पाळला जातो.

कोलर यांना पुढे मान मिळाला का?

व्हिएन्नाने नाकारलेल्या कोलर यांना अमेरिकेने आपले मानले. अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने १९२२ मध्ये सुरू केलेले ल्युशियन हाऊ पदक पहिल्यांदा त्यांनाच दिले. नोबेलसाठीही त्यांचे नाव सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. शोधानंतरची जवळपास ६० वर्षे त्यांनी रुग्ण तपासण्यात घालवली. कोकेनचे दोष, त्याचे व्यसन, नवी औषधे, हे सगळे त्यांना पाहायला मिळाले. त्यांच्या शोधातले औषध मागे पडले. डोळ्यापुरती भूल देता येते, ही त्यांची मूळ कल्पना मात्र टिकली.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. कण निघाला नाही, तर सहकाऱ्याकडून काडीने, रुमालाच्या टोकाने काढून घेण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञांकडे जा. रसायन उडाले असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवा, मग दवाखाना गाठा.

वेल्डिंगचा झोत विनाचष्मा पाहिला, तर त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, उजेड सहन होत नाही. रात्री मेडिकलमधून बधिर करणारे थेंब मागून आणण्याचा मोह तेव्हाच होतो. तसे करू नका. हा त्रास साधारणपणे एक-दोन दिवसांत ओसरतो. तोवर डॉक्टर वंगणाचे थेंब, संसर्ग टाळणारे थेंब आणि पोटात घ्यायची वेदनाशामक गोळी देतात. दुखणे वाढत गेले किंवा दिसणे कमी झाले तर लगेच परत दाखवा. लेन्स वापरणाऱ्यांनी बरे होईपर्यंत लेन्स घालू नये.

दवाखान्यात बधिर करणारा थेंब टाकल्यानंतर अर्धा तास डोळा अजिबात चोळू नका, कारण ओरखडा पडला तरी कळणार नाही. शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदर रोडवर लगेच दुचाकीवर बसण्यापेक्षा थोडा वेळ दवाखान्यातच थांबा. आणि घरी कोणाच्या डोळ्यात असे थेंब आधीच टाकले गेले असतील, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. किती दिवस, दिवसातून किती वेळा, तेही सांगा आणि बाटली बरोबर न्या. त्या एका माहितीवरून उपचाराची दिशा बदलते आणि अनेकदा थेंब बंद करणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.